डासिणीचे कांदेपोहे

एडिस जातीच्या डासाच्या मेंदूत साधारण २ लाख २० हजार चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूत ८,६०० कोटी. असे आकडे शेजारी शेजारी मांडले की माणसाला उगाचच बरं वाटतं. आणि मग रात्री साडेबाराला दिवा लावून, हातात ती चार्जिंगची बॅट घेऊन, ८,६०० कोटींचा मालक गादीवर उभा राहून छत न्याहाळत असतो, आणि २ लाख २० हजारवाला पडद्याच्या चुणीत मागचे दोन पाय वर उचलून स्वस्थ बसलेला असतो. (रात्रीचा तो बहुधा क्युलेक्स. एडिस दिवसपाळीला असतो. पण मेंदूच्या बाबतीत दोघं साधारण सारख्याच ऐपतीचे.)

हा सामना आपण हरतो तो पेशी कमी पडतात म्हणून नव्हे. कान सांगतो ‘इथे’, हात निघतो, आणि आपण आपल्याच कानशिलात वाजवतो. डोळ्याला विचारावं तर तो मिटलेला. कातडीला पत्ता लागतो तो पाहुणा जेवून उठल्यावर. कान, डोळे, कातडी सगळं आपलंच, पण ऐन वेळी कुणाचा कुणाला मेळ नाही.

आणि कानाशी चाललेली ती गुणगुण आपल्यासाठी नसतेच. एडिस मादीचे पंख सेकंदाला सुमारे ४०० वेळा हलतात, नराचे सुमारे ६०० वेळा. म्हणजे षड्ज आणि पंचम यांचं जे नातं, तेच. २००९ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी दाखवलं की नर आणि मादी उडता उडता जवळ आले की दोघंही आपापला सूर हलकेच वरखाली करतात आणि १२०० कंपनांवर त्यांचे वरचे स्वर एकमेकांना मिळतात. तोवर मादी ठार बहिरी असते असाच सर्वसाधारण समज होता. आपण ज्या मैफलीत टाळी वाजवतो, ती खासगी असते, एवढंच म्हणायचं.

चावते फक्त मादी. अंडी घालायची तर तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर फुलांतल्या रसासारख्या सात्त्विक आहारावर जगतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. तेव्हा यापुढे डासीणच म्हणू या.

या डासिणीपुढचं काम आपण समजतो तितकं सोपं नाही. तिला माणूस शोधायचा आहे, आणि ‘हा माणूस’ अशी पाटी कुणाच्याच गळ्यात नसते. आपण श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेर टाकलेल्या हवेत तो सुमारे ४ टक्के असतो, भोवतालच्या हवेच्या शंभरपट. पण श्वास गायही सोडते आणि सोफ्याखालची मांजरही. अंगाला ऊब असते म्हणावं, तर ती नुकत्याच उतरवलेल्या कुकरलाही असते. गर्द आकृती म्हणावी, तर खुंटीवरच्या छत्रीचीही तशीच. घामाचा वास दोरीवरच्या बनियनला भरपूर, पण बनियनमध्ये रक्त नसतं. एकेका खुणेवर विसंबून धावत सुटणारी डासीण कुकरला सोंड टोचत टोचत उपाशी मेली असती. हिच्या आज्या-पणज्या तशा मेल्या नाहीत, म्हणून तर ही आपल्या दंडापर्यंत पोचली.

यावर निसर्गाने जी पद्धत काढली, ती मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आधी पत्रिका, मग फोटो, मग कांदेपोहे. फरक इतकाच की इथे बघायला मुलगी येते, आणि मुलगा बहुतेक वेळा झोपलेला असतो.

२०१५ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मायकेल डिकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उपाशी डासिणी वाऱ्याच्या बोगद्यात सोडल्या. बोगद्याच्या तळाशी एक काळा ठिपका होता. नुसती स्वच्छ हवा वाहत होती तोवर कुणी त्या ठिपक्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग वाऱ्यात कार्बन डायऑक्साइडची झुळूक सोडली, आणि त्याच ठिपक्याभोवती सगळ्या घिरट्या घालू लागल्या. ठिपका तोच, डोळे तेच. मधल्या वेळात फक्त पत्रिका जुळली होती. अंतरांचा अंदाजही त्यांनी मांडला: श्वासाचा माग १० ते ५० मीटरवरून लागतो, आकृती ५ ते १५ मीटरवरून दिसते, आणि अंगाची ऊब कळते ती जेमतेम मीटरभराच्या आत. स्थळ असंच टप्प्याटप्प्याने जवळ येतं.

यातून निघणारं एक अनुमान मोठं क्रूर आहे. तुम्ही श्वास कितीही वेळ रोखून धरलात, तरी शेजारी दुसरं कुणी श्वास घेत असेल तर उपयोग नाही. त्याच्या श्वासाने ती खोलीत येणार, आणि मग तिला दिसणार तुम्ही. पत्रिका एकाची, पसंती दुसऱ्याला.

पण ही जुळणी होते कुठे? मोहरीएवढंही नसलेल्या त्या डोक्यात? २०१९ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेफ रिफेल, क्लेमां विनॉजे आणि सहकाऱ्यांनी तिथे डोकावून पाहिलं. डासीण बारीक तारेला चिकटवलेली, म्हणजे पंख मारायला मोकळी पण जायला कुठे नाही. समोर गोलाकार दिव्यांचा पडदा, त्यावर सरकणाऱ्या आकृत्या. मेंदूच्या आतलं पाहायचं तेव्हा, चेतापेशी कामाला लागली की चमकावी अशी जनुकीय करामत केलेल्या डासिणी वापरायच्या आणि वर सूक्ष्मदर्शक लावायचा. आकृती सरकली की दृष्टीचं काम करणाऱ्या लोब्युला नावाच्या भागातल्या पेशी चमकत. त्याआधी कार्बन डायऑक्साइडचा फवारा दिला, तर त्यातल्या काही पेशी त्याच आकृतीला जास्त जोराने चमकत. आता हा वायू ओळखला जातो तो सोंडेच्या दोन बाजूंना असलेल्या आखूड मिशांवर. डोळ्यांशी त्या मिशांचा तसा काही संबंध नाही. तरी मिशांना खबर लागली की डोळ्यांमागच्या पेशी सावध होत होत्या.

उलट करून पाहिलं तेव्हा तसं काहीच घडलं नाही. डोळ्याला कितीही आकृत्या दाखवा, वासाच्या पेशी आपल्या जागी ढिम्म. नाक डोळ्याला हुकूम देतं; डोळ्याला नाकावर हुकूम चालवता येत नाही. पत्रिका जुळली की फोटो देखणा दिसू लागतो. फोटो देखणा म्हणून पत्रिका जुळल्याचं मात्र मी अजून ऐकलेलं नाही. निदान आमच्या नात्यात तरी नाही.

हा एकतर्फी कारभार मला फार शहाणपणाचा वाटतो. वास दूरवर जातो, पण वाऱ्याने त्याच्या चिंध्या होतात. जवळपास कुणीतरी आहे एवढं कळतं, नेमकं कुठे ते कळत नाही. डोळ्याला कुठे ते कळतं, पण डासिणीची नजर अशी धूसर की छत्री आणि छत्रीचा मालक यांत तिला फरक करता येऊ नये. एकाला ‘काय’ माहीत, दुसऱ्याला ‘कुठे’. अशा वेळी दोघांना समान मताधिकार दिला, तर डोळा दिवसभर छत्र्याच सुचवत राहील. त्याऐवजी डोळ्याला सांगून ठेवलंय की नाक हाक मारील तेव्हा बघायला लाग. तोवर जग असलं काय नि नसलं काय.

जग रंगीत असलं काय नि नसलं काय, हेही त्यात आलं. २०२२ मध्ये रिफेल यांच्याच प्रयोगशाळेने १३ लाखांहून जास्त उड्डाणमार्ग नोंदवून दाखवलं, की वास नसताना एडिस माद्यांना कुठल्याच रंगात रस नसतो. कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्या लाल, नारिंगी, काळ्या आणि आकाशी-हिरवट रंगाच्या ठिपक्यांकडे झेपावतात. पांढरा, निळा, जांभळा, हिरवा यांना मात्र तेव्हाही किंमत देत नाहीत. माणसाची कातडी तिच्या डोळ्यांना लाल-नारिंगीच दिसते, मग ती कातडी कुठल्याही वर्णाची असो. गोरी, गव्हाळ, सावळी असली वर्गवारी वधू-वर सूचक मंडळांच्या रकान्यांत अजून टिकून आहे. डासिणीने ती कधीच सोडून दिली. प्रयोगात हिरवा हातमोजा घातला, तर त्या हाताकडे जायची त्यांची ओढ संपली. वास होता, पण वासाने ज्याच्याकडे बोट दाखवावं ते दिसेना.

मग उबेची पाळी. ही गोष्ट मला वाटलं होतं त्याहून खोल निघाली. २०२४ साली सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून कळलं की डासिणीला अंगातून निघणारे अवरक्त किरणही कळतात, आणि तेही सुमारे ७० सेंटिमीटरवरून. कातडीइतक्या, म्हणजे ३४ अंशांच्या उबेचे किरण एकटेच दाखवले, तर ती ढिम्म हलत नाही. पण कार्बन डायऑक्साइड आणि माणसाचा वास सोबत असेल, तर तोच किरण तिची शोधाशोध दुपटीने वाढवतो. नुसती ऊब कुकरला असते, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

शेवटचे कांदेपोहे मात्र ती पायाने चाखते. हे वाक्य नीट वाचावं: पायाने. तिच्या पायांवर चव घेणाऱ्या पेशी असतात, आणि डीट नावाचं डास पळवणारं मलम हातावर चोपडलेलं असलं, तर बसताक्षणी पायांनाच ते कळतं आणि ती उठून जाते. इतक्या लांबून आलेली, पत्रिका, फोटो, भेट सगळं मनासारखं झालेली मुलगी उंबऱ्यावर पाऊल टाकताच परत फिरते, ती यामुळे.

आता तुम्ही म्हणाल, मग पत्रिकाच फाडून टाकली तर? ते लेस्ली व्हॉसहॉल यांच्या न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेने २०१४ सालीच करून पाहिलं. एक जनुक बिघडवून कार्बन डायऑक्साइड कळतच नाही अशा डासिणी तयार केल्या. प्रयोगशाळेत त्या गडबडल्या. श्वासाची झुळूक आली तरी उबेकडे वळायचं त्यांना सुचेना. पण खऱ्याखुऱ्या माणसासमोर, मोठ्या जाळीदार घरात सोडल्यावर त्यांनी माणूस शोधला तो शोधलाच, जरा कमी तडफेने इतकंच. खरा माणूस नुसता श्वास नसतो. तो वास, रंग, ऊब सगळ्यांचं गाठोडं घेऊन समोर बसलेला असतो. एकट्या खुणेवर भागत नाही, आणि कुठलीच खूण अशी नाही की जिच्यावाचून सगळं अडावं. पंचमंडळी बदलली तरी निकाल फारसा बदलत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही निकालापेक्षा विश्वासार्ह वाटते मला.

मग ‘माणूस आहे’ असं ठरवणारी पेशी कुठली? तशी एकच पेशी असावी अशी आपली इच्छा असते, कारण आपल्याला कुणीतरी साहेब लागतो. डासिणीत तसा साहेब अजून कुणी दाखवलेला नाही. माशीच्या मानेत मात्र दोन इंद्रियांची गाठ एकाच पेशीत पडलेली दिसते. माशीला मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक मुठी असतात, आणि उडताना तोल कुठे जातोय हे त्या सांगतात. मानेचे स्नायू हलवणाऱ्या काही पेशींना डोळा एकटाच सांगत असेल की जग फिरतंय, तर त्या गप्प राहतात. त्याच वेळी मुठीही हलत असतील, तरच त्या मान वळवायचा संदेश धाडतात. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. बसल्या जागी डोळ्यासमोरून काही सरकलं म्हणून मान वळवायची नाही. आपण खरोखर उडतोय याची खात्री आधी. फोन वाजला म्हणून चालत्या स्कूटरवर मान वळवणाऱ्यांच्या मानेत अशी एखादी पेशी असती, तर किती हाडं वाचली असती.

फळमाशीत तर आणखी गंमत आहे. कीटकांच्या मेंदूत अळंबीच्या आकाराचा एक भाग असतो. फेलिक्स दुजार्दँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो १८५० साली नोंदवला, आणि कीटकांची अक्कल इथे असावी असं अनुमानही केलं. फळमाशीच्या त्या अळंबीत वासाच्या पेशी वेगळ्या, रंगाच्या वेगळ्या. ऑक्सफर्डमध्ये स्कॉट वॉडेल यांच्या गटाने माशीला एक वास आणि एक रंग जोडीने शिकवला. नंतर नुसता वास दिला तरी तिची आठवण जोडीने शिकल्यामुळे जास्त पक्की निघाली. कारण शिकताना सेरोटोनिन वापरणाऱ्या एका चेतापेशीने रंगाच्या आणि वासाच्या पेशींमध्ये पूल बांधला होता. त्यानंतर रंग दिसला की वासाच्या पेशीही जाग्या होऊ लागल्या. हे २०२३ साली छापून आलं. पत्र्याचा निळा डबा दिसला की आत बेसनाचे लाडू आहेत हे आपल्या नाकाला आधीच कळतं, ते याच धर्तीवर असावं. बहुतेक वेळा त्यात सुई-दोरा असतो ही गोष्ट वेगळी.

आता उरतो घरोघरचा वाद: मलाच जास्त का चावतात? ‘तुझं रक्त गोड’ हे उत्तर आजीपासून चालत आलंय. व्हॉसहॉल यांच्या प्रयोगशाळेने ६४ जणांना हातावर नायलॉनचे मोजे घालायला लावले, कातडीचा वास त्यांत मुरू दिला, आणि डासिणींना त्यांतून निवड करायला सांगितली. सगळ्यांत आवडता आणि सगळ्यांत नावडता यांच्यात शंभरपटींहून अधिक तफावत निघाली. आवडत्यांच्या कातडीवर कार्बॉक्सिलिक आम्लं जास्त होती, आणि काही वर्षांनी पाहिलं तरी आवडते ते आवडतेच राहिले. तेव्हा गोड रक्त वगैरे सोडून द्या, मोजा बोलतो.

या सगळ्यात माझ्या बाजूने एकच शोध लागला. विनॉजे आणि रिफेल यांनीच २०१८ साली दाखवलं, की एखाद्याचा वास येत असताना डासिणीला हातवाऱ्यांसारखे जोरदार हादरे बसले, तर ती तो वास लक्षात ठेवते आणि दुसऱ्या दिवशीही त्या माणसाला टाळते. वास आणि हादरा ही दोन्ही तिच्या डोक्यात एकत्र बांधली जातात, आणि त्यासाठी डोपामिन लागतं. उंदराचा वास तिला असा शिकवता येतो, माणसाचाही येतो. कोंबडीचा काही केल्या येत नाही. कोंबडी बहुधा थप्पड मारत नसावी.

मला हे फार आवडलं. गेली कित्येक वर्षं मी दुपारी पडल्या पडल्या हवेत हात मारतो, एक डास कधी हाताला लागत नाही, आणि घरात माझ्या नेमबाजीची टिंगल होते. आता सिद्ध झालं की नेम चुकला तरी चालतो. मी त्यांना शिकवत असतो. चारच्या चहाला मी हे सगळं बायकोला सविस्तर सांगितलं. श्वास, काळा ठिपका, हिरवा हातमोजा, पाय, कोंबडी, काही सोडलं नाही. तिने पूर्ण ऐकून घेतलं, जे सहसा होत नाही.

“म्हणजे अहो,” ती कप विसळता विसळता म्हणाली, “तुम्ही घोरणार, त्या वासाने ती खोलीत येणार. मग तुम्ही हात आपटणार, म्हणून ती तुम्हाला सोडून माझ्याकडे येणार.”

मी म्हटलं, शास्त्रीयदृष्ट्या तसंच.

“मग उद्यापासून दुपारी खिडकीकडच्या बाजूला तुम्ही पडा. तो काळा टी-शर्ट घाला. पांघरूण घेऊ नका. आणि कृपा करून हात हलवू नका.”

एवढं बोलून ती कपाटाकडे गेली आणि वरच्या कप्प्यातला हिरवा गाऊन काढून तिने इस्त्रीच्या ढिगावर टाकला.